नेहरू स्टेडियम पाडा म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी सहाला तिथे जाऊन यावं

पर्वतीपायथा

सोसायटीच्या ग्रुपवर काल एका गृहस्थांनी भलंमोठं प्रवचन टाकलं. गोषवारा असा: स्वारगेटचं नेहरू स्टेडियम म्हणजे सोन्याच्या जागेवरचं भंगार, वापरात नाही, २००५ नंतर तिथे एक आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना झालेला नाही, तेव्हा ते पाडावं, जागा पीपीपीवर, म्हणजे खासगी भागीदारीत, विकसकाला द्यावी, खाली मॉल, वर वीस हजार खुर्च्यांचं वातानुकूलित अरेना, दर महिन्याला कॉन्सर्ट, आणि मग पुणे "जागतिक नकाशावर". खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर टाइप करतोय तोवर अ‍ॅडमिनसाहेबांनी "वाद नको" म्हणून ग्रुपला कुलूप लावलं. म्हणून इथे.

सामने गेले ते स्टेडियम पडायला आलं म्हणून नाही. महापालिका आणि क्रिकेट असोसिएशन यांचं तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं. असोसिएशनने शहराबाहेर गहुंज्याला स्वतःचं घर बांधलं, २०१२ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धच्या ट्वेंटी-२० ने तिथे आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुरुवात केली, संपलं. भांडण पासांचं आणि शिक्षा मैदानाला.

आणि "वापरात नाही" म्हणजे कुणाच्या वापरात नाही? सकाळी सहाला जा. दांडेकर पूल, पर्वती, जनता वसाहतीतली पोरं सायकलला किट अडकवून येतात. टीव्हीवर दिसत नाही ते क्रिकेट नाही, असा नियम झालाय का? ही पोरं गहुंज्याला कशी जाणार, एक्स्प्रेसवेवरून पायडल मारत?

वाकडेवाडी_ते_वाकड

ते गृहस्थ मी नाही, पण ग्रुपवर असतो तर अंगठा दिला असता.

आधी गहुंजे. तिथे देहूरोडकडूनही जाता येतं, एक्स्प्रेसवे लागत नाही. भावनेच्या भरात भूगोल सोडू नका.

आता मुद्दा. १९६९ सालची वास्तू, पंचवीस हजारांची क्षमता कागदावर. उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर बसून मॅच बघायचे दिवस गेले. शहराच्या मध्यात मोठं इनडोअर स्टेडियम आपल्याकडे नाही. कबड्डी असो, बॅडमिंटन असो, उठसूट बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलावर आपण तीस वर्षं काढली. इकडे सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला भुयारी मेट्रो आली, एसटी आणि पीएमपी शेजारी. अशी जागा दुसरी दाखवा. आणि महापालिकेकडे पैसे नसतील तर पीपीपीशिवाय काय करणार, वर्गणी काढणार?

आरसीसी_अण्णा

दोन्ही बाजू लांबून बघून बोलताहेत. माझं आयुष्य जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेलं, म्हणून चार ओळी.

काँक्रीट वयाने मरत नाही, पाण्याने मरतं. नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई सुरक्षित राहते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, अल्कता उतरते, त्यात पाणी मिळालं की सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि वरचं कव्हर फोडून बाहेर येते. प्रेक्षकांच्या पायऱ्या म्हणजे उघड्यावरचा स्लॅबच. एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे दोन भागांमधला सांधा, फुटला की पाणी थेट पायऱ्यांखालच्या दुकानगाळ्यांत. गाळेवाला खालून पत्रा लावतो, पुट्टी मारतो, रंग देतो आणि दुखणं झाकलं जातं.

पाडायचं की ठेवायचं हे काँक्रीटचे नमुने (कोअर) काढून, ही अल्कता किती खोलवर उतरलीय (कार्बोनेशन) ते मोजून ठरतं. सळईचा किती भाग शिल्लक आहे ते बघायचं. जॅकेटिंग (खांबांभोवती नव्या काँक्रीटचा थर), मायक्रो काँक्रीटने डागडुजी, वर नीट वॉटरप्रूफिंग केलं तर अशा वास्तू अजून पंचवीस-तीस वर्षं काढतात. कधी कधी नाही काढत. ग्रुपवर अंगठे मोजून ते कळत नाही.

अहमदाबादला नवरंगपुऱ्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी केलेलं स्टेडियम महापालिकेचंच आहे. १९८१ मध्ये भारतातला पहिला एकदिवसीय सामना तिथे झाला. मोटेराचं मोठं स्टेडियम झाल्यावर तेही मागे पडलं. पण ते पाडा म्हणण्याऐवजी २०२० मध्ये त्याचं नाव वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉचच्या, म्हणजे जपायला हव्यात अशा जगभरच्या वास्तूंच्या, यादीत गेलं.

वाकडेवाडी_ते_वाकड

अण्णा, आदर आहे, पण कुठे कोरिया आणि कुठे स्वारगेट. त्याचं छप्पर बघायला परदेशातून विद्यार्थी येतात. आपल्याकडे स्टेडियम कुठे आहे विचारलं तर रिक्षावाला म्हणतो, "सारसबागेसमोर ना?"

आरसीसी_अण्णा

बरोबर सांगतो की.

मध्यली_पाटी

स्टेडियम पाडा, ठेवा, सोन्याने मढवा. माझा एकच प्रश्न: मुलींना कपडे बदलायला खोली आणि दाराला आतून कडी.

मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळले. शहरातल्या एका नावाजलेल्या मैदानावर (नाव घेत नाही, तिथले लोक अजून भेटतात) आम्ही चादर धरून कपडे बदलायचो. दोघी चादर धरणार, तिसरी पहारा देणार, आणि पंच शिट्टी मारून घाई करणार. तेव्हा "वातानुकूलित" म्हणालं की मला हसू येतं. आणि कॉन्सर्टचं स्टेज आठवडाभर उभं राहिलं तर सरावाचं काय, हे कुणी लिहिलेलंच नाही.

सदाशिव_गल्ली

विषय निघालाच आहे म्हणून. २९ फेब्रुवारी १९९६, विश्वचषक, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज, हेच मैदान. केनिया १६६ वर गारद, सगळे म्हणाले चला चहाला. मग विंडीज ९३ सर्वबाद! त्यांचा लारा ८ वर रजब अलीच्या चेंडूवर बाद. झेल घेतला त्या तारिक इक्बालने, दिवसभर चेंडू सोडत होता तो कीपर. मी स्वतः बघितलाय. आणि तुम्ही त्याचा मॉल करणार?

पर्वतीपायथा

अगदी! हेच म्हणतोय मी.

चितळ्यांचा_शेजारी

सदाशिवराव, त्या दिवशी तिथे होतो म्हणणारे एकट्या पेठांत इतके भेटलेत की त्यांना बसवायला खरंच नवं स्टेडियम बांधावं लागेल. तिकीट कुठे काढलं होतं?

सदाशिव_गल्ली

तिकीट कशाला? मामांच्या ओळखीने पास मिळाला होता.

चितळ्यांचा_शेजारी

हा घ्या! वर लिहिलंय मैदान पासांनी बुडवलं, आणि खाली आठवणी सांगणारे सगळे पासवाले. मी १९८७ ला इंग्लंड-श्रीलंका बघायला रांगेत उभं राहून पैसे मोजले होते. शेजारी एक आख्खं कुटुंब, आजी आणि डबा धरून, पासावर. आजींनी विचारलं, "आपले कुठले?"

सदाशिव_गल्ली

पास मिळाला म्हणजे चोरी केली का? तेव्हा अर्धं पुणं ओळखीवर चालायचं. तुम्हाला गॅसचा नंबर ओळखीशिवाय लागला होता का?

चितळ्यांचा_शेजारी

हो, लागला होता. आठ वर्षांनी.

जर्सी_नं_१०

काका लोक, पास फक्त पुण्याचा रोग नाही. मुंबईत ब्रेबर्नवाला क्लब आणि तिथली असोसिएशन तिकिटांवरूनच भांडले, म्हणून वानखेडे उभं राहिलं, जानेवारी १९७५ ला पहिली कसोटी. आपण तोच पिक्चर उशिरा लावला. पण ब्रेबर्न कुणी पाडलं नाही. २०११ च्या विश्वचषकाआधी वानखेडेचे स्टँड नवे केले तेव्हाही मैदान होतं तिथेच राहिलं, फक्त खुर्च्या कमी झाल्या. पाडा नाहीतर पुजा, असे दोनच पर्याय का?

वाकडेवाडी_ते_वाकड

वानखेडेच्या मागे बीसीसीआयचा पैसा. इथे मालक महापालिका. बालगंधर्वचं काय झालं? १९६८ चं नाट्यगृह, पुनर्विकास म्हटल्याबरोबर कलावंत आडवे, रसिक आडवे, सगळे आडवे. आता तिथल्या आसनांवर आणि स्वच्छतागृहांवर तक्रारी करणारेही तेच. पुण्याला नवं काही नको असतं, जुनं मात्र नव्यासारखं हवं असतं.

पर्वतीपायथा

आडवे आले कारण "पुनर्विकास" म्हटलं की नाट्यगृह किती आणि दुकानं किती, याचं उत्तर आधी मिळत नाही! तुमच्यासारखी मंडळी वाकडला टॉवरमध्ये राहणार, क्लबहाउसमध्ये टेबल टेनिस खेळणार आणि आम्हाला सांगणार की मैदानाचा एफएसआय (बांधकामाचा हक्क) वाया जातोय. मैदान रिकामं असतं म्हणूनच ते मैदान असतं.

वाकडेवाडी_ते_वाकड

घरावर जाऊ नका. माझं बालपण वाकडेवाडीच्या चाळीत गेलंय, नावातच लिहिलंय. मला जनता वसाहतीच्या पोरांची काळजी नाही हे तुम्ही ठरवणार? त्याच पोरांना पावसाळ्याचे चार महिने सराव नाही, कारण डोक्यावर छप्पर नाही. तुमच्या सकाळी सहाच्या कौतुकात जुलै कुठे आहे?

मध्यली_पाटी

हे मात्र खरं आहे. जुलैत आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पळती करायचो आणि खांबाला आपटायचो. एवढ्यापुरतं वाकडकरांना माझं अनुमोदन, ते फ्रेम करून क्लबहाउसमध्ये लावावं.

रांगेतला_शेवटचा

कॉन्सर्टवाल्यांनी एक आठवावं. ४ जून २०२५, बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम. शहराच्या मध्यावर, मेट्रो शेजारी, सगळं तुमच्या यादीतलं. आयपीएल विजयाच्या कार्यक्रमाला गर्दी उसळली आणि दारांबाहेर ११ माणसं मेली. स्वारगेट चौकात गणपतीच्या दिवसांत काय होतं ते आपण बघतो. तिथे वीस हजार माणसं एकदम बाहेर सोडणार? मेट्रोचे जिने तरी पुरतील का?

जर्सी_नं_१०

तो जागेचा दोष नाही, नियोजनाचा आहे. गहुंजे तर गावाबाहेर, मोकळं. तरी २०२४ च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना आणि असोसिएशनला माफी मागावी लागली. तिथेही बहुतेक स्टँडवर छप्पर नाही. नवं म्हणजे चांगलं, हे आधी गहुंज्याला शिकवा.

चितळ्यांचा_शेजारी

पाणी नव्हतं, पण पासवाल्यांना मिळालं असेल.

सदाशिव_गल्ली

तुम्ही अजून तिथेच आहात? मामा वारले हो माझे. सोडा आता.

चितळ्यांचा_शेजारी

वाईट वाटलं. मामांबद्दल तक्रार नाही, पद्धतीबद्दल आहे. आज कोट्यातले पास बंद करा, स्टेडियमला रंग द्यायचे पैसे त्यातूनच निघतील.

आरसीसी_अण्णा

निघणार नाहीत. मोठी मॅचच होत नाही तर पास कसले? पैसा येऊ शकतो तो गाळ्यांतून. मोक्याचे गाळे, त्यांचं भाडं आजच्या बाजारभावाने घ्या आणि ते याच वास्तूच्या देखभालीला बांधून टाका. पण गाळेवाल्यांना हात लावायची हिंमत पाडण्याच्या बाजूलाही नाही आणि ठेवण्याच्या बाजूलाही नाही. धाग्यात बघा, माझ्याशिवाय अजून एकानेही गाळ्यांचं नाव घेतलेलं नाही.

पर्वतीपायथा

घेतो की. भाडी वाढवा. फक्त तिथला एक दुकानदार माझा मेहुणा आहे, म्हणून जरा बेताने.

वाकडेवाडी_ते_वाकड

आता कळलं मैदानावरचं प्रेम कुठून झिरपतंय! एक्स्पान्शन जॉइंटमधून.

असो. अण्णांचं ऐकून एवढं मान्य करतो, आधी तपासणी होऊ दे. अहवाल म्हणाला वास्तू टिकेल, तर मधलं मैदान ठेवा, स्टँड दुरुस्त करा, आणि एका बाजूला बंदिस्त हॉल बांधा. तुम्हाला गोड लागावं म्हणून त्याला अरेना म्हणणार नाही.

मध्यली_पाटी

कुठल्या बाजूला? सारसबागेकडे रस्ता, दुसरीकडे गणेश कला क्रीडा मंच, बाकी गाळे. आणि हॉलवर पहिला हक्क कुणाचा, शाळांचा की लग्नाच्या रिसेप्शनचा?

वाकडेवाडी_ते_वाकड

ताई, ते आराखड्यात येईल.

मध्यली_पाटी

आराखडा आहे?

वाकडेवाडी_ते_वाकड

अजून नाही.

मध्यली_पाटी

मग वीस हजार खुर्च्या कुणी मोजल्या?

वाकडेवाडी_ते_वाकड

त्या गृहस्थांना विचारा, पोस्ट माझी नाही. पर्वतीपायथा, त्यांच्या ग्रुपचं कुलूप उघडलं असेल तर हा प्रश्न तिकडे टाका.

पर्वतीपायथा

टाकला. अ‍ॅडमिनने मला काढलं.