जर्मनीत एकाच क्लायंटवर फ्रीलान्सिंग: चालतं की अंगाशी येतं?

मृण्मयी: "एल्स्टरवर (कर खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर) फॉर्म भरा, टॅक्स नंबर घ्या, एकाच कंपनीला दरमहा बिल पाठवा, झालं" ही पोस्ट वाचून राहवलं नाही. झालं काय? कंपनीच्या लॅपटॉपवर, तिच्या वेळेत, तिच्या मॅनेजरच्या सांगण्यावरून काम केलंत की ती लपवलेली नोकरीच ठरते. मग 4 वर्षांचे सामाजिक विम्याचे हप्ते वसूल होतात. जाणूनबुजून केलं असेल तर 30 वर्षांचे.

श्रीरंग: ते कंपनी भरते! तुमचा वाटा तिला फक्त पुढच्या 3 पगारांतून कापता येतो. उगाच घाबरवू नका.

मृण्मयी: याच धास्तीने कंपनीने कॉन्ट्रॅक्ट मोडलं की घरी कोण बसतं? आणि खरोखर स्वतंत्र असलात तरी पाच षष्ठांश उत्पन्न एकाकडूनच, हाताखाली माणूस नाही, तर पेन्शन विमा सक्तीचा. 3 महिन्यांत पेन्शन विमा संस्थेला स्वतःहून कळवायचं. सुरुवातीची 3 वर्षं सूट मिळते, पण अर्ज केला तरच.

तेजस: पेन्शनचं राहू द्या, आरोग्य विम्याचं बोला! भारतातून थेट फ्रीलान्स परवान्यावर येणाऱ्याला सरकारी विमा मिळत नाही. त्यासाठी आधीच्या 5 वर्षांत 24 महिने किंवा लगतचे सलग 12 महिने त्यात असावं लागतं. उरतो खासगी. वयाच्या पंचावन्ननंतर त्यातून सरकारी विम्यात परतणं जवळपास अशक्य. हे त्या पोस्टमध्ये का नाही?

श्रीरंग: लेखक, चित्रकार, डिझायनर यांना केएसके ही कलाकारांची सामाजिक विमा संस्था आहे. वर्षाला 3,900 युरोंहून जास्त कमाई दाखवली की अर्धाच हप्ता, तोही सरकारी विम्यात.

तेजस: प्रोग्रामरला त्याचा काय उपयोग? इथे निम्मे लोक कोड लिहिणारे!

श्रीरंग: मग आधी वर्षभर नोकरी करा, विम्यात शिरा, नंतर फ्रीलान्सिंग.

तेजस: म्हणजे "फॉर्म भरा, झालं" नाहीच ना? शिवाय ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) स्वयंरोजगाराला परवानगी वेगळी काढावी लागते. आणि सरकारी विम्याचा हप्ता अंदाजी उत्पन्नावर, अंतिम हिशोब कर खात्याच्या कर-आकारणी आदेशावर. तो आदेश तुम्ही 3 वर्षांत विमा संस्थेला दिला नाही तर कमाल दराने आकारणी.

ईश्वरी: त्याच आदेशाबरोबर दुसरा दणका बसतो. पहिल्या वर्षाचा कर थकबाकी म्हणून, चालू वर्षाचा आगाऊ म्हणून, दोन्ही एकदमच. पुढे आगाऊ कर दर तिमाहीला: 10 मार्च, 10 जून, 10 सप्टेंबर, 10 डिसेंबर. प्रत्येक बिलातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका.

श्रीरंग: विम्याचं मान्य. एका क्लायंटचं अजूनही नाही.