अनुभव धागा : दोन आघाड्यांवर लढणारा देश तुम्ही पटावर कसा खेळता?

‘ॲक्सिस अँड अलाइज’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या खेळाचा पट ज्यांनी मनापासून मांडला आहे, त्यांच्यासाठी हा धागा. लॅरी हॅरिस यांचा हा खेळ १९८१ साली पहिल्यांदा निघाला, १९८४ मध्ये मिल्टन ब्रॅडलीने तो घरोघरी पोचवला. आज आपल्यातले बहुतेक जण ‘१९४२’ची दुसरी आवृत्ती खेळतात, किंवा सुट्टी मोठी असेल तर युरोप आणि पॅसिफिकचे पट जोडून ‘ग्लोबल १९४०’. शहरं वेगळी असतील तर संगणकावर खेळायला ‘ट्रिपलए’ आहेच.

चीन खेळायला घेतला की एकाच शत्रूकडे तोंड असतं. जर्मनी, रशिया, ब्रिटन, अमेरिका, जपान यांचं तसं नाही. १९४२च्या पटावर रशियाला सुरुवातीला चोवीस आयपीसी (ताब्यातल्या प्रदेशांतून, म्हणजे घरांतून, मिळणारा खेळातला पैसा) मिळतात आणि शत्रू मात्र पटाच्या दोन टोकांना. जिंकलेल्या लढायांच्या गोष्टी आपण एकमेकांना खूप सांगतो. मला इथे दुसरी गोष्ट ऐकायची आहे. ज्या आघाडीवर तुम्ही लढायचं नाही असं ठरवलंत, तिथे काय ठेवलंत? किती ठेवलंत? ते कितव्या फेरीपर्यंत पुरलं? माझ्या मते या देशांचा सगळा खेळ त्या उरलेल्या सोंगट्यांवर ठरतो. कोणता देश, कोणती आवृत्ती ते लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला पट डोळ्यांसमोर आणता येईल.

डोंबिवलीहून : जर्मनी, १९४२

आमच्या गटात जर्मनी बहुतेक माझ्याकडेच येतो, आणि मला तो मनापासून आवडतो. सुरुवातीला ४१ आयपीसी. बर्लिनच्या कारखान्यातून फेरीला दहा सोंगट्या निघतात, रोममधून तीन. तेरा पायदळांचे ३९ होतात, म्हणजे दोन्ही कारखाने तुडुंब भरतात. पहिल्या फेरीला मी हेच करतो. बर्लिनमध्ये ठेवलेलं पायदळ पोलंडमार्गे चालत चालत रशियाच्या दाराशी पोचेपर्यंत तिसरी-चौथी फेरी उजाडते. उशिरा घेतलेलं पायदळ पूर्वेला कामाला येत नाही, ते पश्चिमेच्या रखवालीलाच उरतं.

आता धाग्याचा मुद्दा, म्हणजे पॅरिस. नवीन खेळणारे तिथे एक तर भरमसाट सैन्य ठेवतात, नाहीतर अगदीच ओस सोडतात. मी खेळीचा क्रम बघतो : रशिया, जर्मनी, ब्रिटन, जपान, अमेरिका. ब्रिटनने पॅरिस घेतलं तर माझी पाळी येण्याआधी अमेरिका त्याच घरात आपलं सैन्य ओतते, आणि मग परत घेणं फार महाग पडतं. अमेरिकेने एकटीने घेतलं तर मात्र मधे फक्त रशियाची खेळी असते. रशिया तिथवर फार तर एखाद-दुसरं फायटर पाठवेल. उतरलेलं सैन्य मला लगेच कापता येतं. म्हणून पॅरिसचं पायदळ मी एकाच हिशेबाने मोजतो. ब्रिटनची वाहतूक जहाजं किती? एका जहाजात दोन सोंगट्या, त्यात एक तरी पायदळ. वर विमानं किती? एकट्या ब्रिटनला पॅरिस घेता येऊ नये, इतकंच तिथे ठेवायचं. त्यावर एकही नाही, उरलेलं सगळं पूर्वेला.

दुसरं म्हणजे फायटर. किंमत दहा, बचावात फासा चारपर्यंत पडला की नेम लागतो, आणि चार घरं उडतं. दोन जाऊन दोन परत. जर्मनीत बसलेलं फायटर पूर्वेच्या हल्ल्यात भाग घेऊन पुन्हा पश्चिमेच्या पहाऱ्याला येऊ शकतं. रणगाडा सहाला मिळतो, स्वस्त वाटतो, पण तो एकदा युक्रेनमध्ये गेला की पश्चिमेच्या उपयोगाचा राहत नाही. दोन्ही आघाड्यांवर खरोखर मोजता येणारी सोंगटी म्हणजे फायटरच. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत मी ती अटलांटिकमधल्या आरमारावर उधळत नाही, कितीही मोह झाला तरी.

नाशिकहून : रशिया, १९४२

रशियाला चोवीस आयपीसी म्हणजे आठ पायदळ, बस्स. खेळाची पहिली खेळी मात्र त्याची असते, आणि वेस्ट रशियावर सगळं गोळा करून हल्ला करणं हे त्या खेळीचं सोनं आहे.

सायबेरियाबद्दल आमच्याकडे कायम वाद. तिकडची पायदळं पूर्व टोकाच्या बुर्यातियात एकत्र करून जपानला दात दाखवायचे, की पश्चिमेला चालत आणायची? मी चालत आणतो आणि वाटेत प्रत्येक घरात एकेक सोडतो. तिकडचं प्रत्येक घर एकेका आयपीसीचं आहे. ते घ्यायला जपानला किमान दोन पायदळ आणि एक विमान लावावं लागतं, आणि ते विमान त्या फेरीत भारताविरुद्ध किंवा चीनमध्ये दिसत नाही. तीन आयपीसीच्या एका पायदळाने शत्रूची दहा आयपीसीची सोंगटी एक फेरी अडकवली, यापेक्षा चांगला सौदा रशियाला पटावर दुसरीकडे मिळत नाही.

खऱ्या युद्धातही सायबेरिया असाच हिशेबाने रिकामा झाला. १९३९ ला खाल्खिन गोलला झुकोव्हने जपानी सैन्याचा पराभव केला, एप्रिल १९४१ मध्ये दोघांत तटस्थतेचा करार झाला, आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात मॉस्को वाचवायला पूर्वेकडच्या डिव्हिजन आल्या. १९४२च्या पटावर असा करार नाही, त्यामुळे जपानला कधीही आत शिरता येतं. ग्लोबलमध्ये निदान मंगोलियाचा नियम आहे. जपानने मंगोलियाला लागून असलेल्या रशियन घरावर हल्ला केला की मंगोलिया रशियाच्या बाजूने उतरतो. ग्लोबलमध्ये सुरुवातीलाच रशियाची अठरा पायदळं अतिपूर्वेला असतात, आणि ती हलवावीत की नाही याचं उत्तर मी जपानची वाहतूक जहाजं कुठे उभी आहेत ते पाहिल्याशिवाय देत नाही.

पुण्याहून : वरच्याला थोडं उत्तर

मी सायबेरियाची पायदळं हलवत नाही. ती मॉस्कोला पोचेपर्यंत इतक्या फेऱ्या जातात की तोवर लढाईचा निकाल लागलेला असतो. बुर्यातियात ती एकत्र उभी राहिली की मांचुरियात जपानला बचावाची फौज ठेवावीच लागते. तुमचा एकेकाचा हिशेब मला पटतो, पण समोर सावध जपान असेल तरच. बेधडक जपानसमोर एकत्र ढीगच हवा.

न्यू जर्सीहून : अमेरिका, १९४२

माझी मुलगी दहावीत आहे. ती जपान घेते आणि मी अमेरिका. घरात आमचा हा शनिवारचा खेळ, आणि शेजारची दोन मराठी कुटुंबंही त्यात असतात.

अमेरिकेवर सहसा कोणी चालून येत नाही. तिचा शत्रू अंतर. बेचाळीस आयपीसी हातात असतात, पण आज घेतलेलं पायदळ पुढच्या फेरीला जहाजात चढतं, मोरोक्कोत किंवा ब्रिटनमध्ये उतरतं, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्याच्याही पुढच्या फेरीला. त्यामुळे अमेरिकेला दोन आघाड्यांत मन बदलता येत नाही. एका फेरीला अटलांटिक, दुसऱ्या फेरीला पॅसिफिक असं केलं की दोन्हीकडे अर्धवट साखळ्या तयार होतात आणि एकही टोकाला पोचत नाही. मी वाहतूक जहाजांच्या दोन तुकड्या करते. एक भरून जाते तेव्हा दुसरी रिकामी परत येते. ही ये-जा सुरू झाली की ती एका फेरीसाठीसुद्धा तोडायची नाही, हा माझा नियम.

मग पॅसिफिकचं काय? डिसेंबर १९४१ मध्ये चर्चिल वॉशिंग्टनला आले तेव्हा आर्केडिया परिषदेत ‘आधी जर्मनी’ हे धोरण पक्कं झालं. पण त्याच अमेरिकेने जून १९४२ मध्ये मिडवेला जपानची चार विमानवाहू जहाजं बुडवली. दुय्यम आघाडी रिकामी सोडलेली नव्हती, हे त्यातून दिसतं. पटावर मी तिथे पाणबुड्या ठेवते. सहा आयपीसीला एक, हल्ल्यात दोनपर्यंत लागते, आणि शत्रूकडे विनाशिका नसेल तर विमानं तिला हातही लावू शकत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोसमोर काही पाणबुड्या आणि एक विमानवाहू जहाज उभं राहिलं की मुलगी विनाशिका घ्यायला लागते. आठ आयपीसीची प्रत्येक विनाशिका म्हणजे भारताकडे न गेलेली दोन पायदळं. हवाई बेटांच्या पुढे न जाताही तो ताफा आपलं काम करत असतो.

तिचं म्हणणं वेगळं आहे, तेही लिहिते कारण ती बहुतेक वेळा जिंकते. ती म्हणते, “आई, तू पुढे येणार नाहीस हे मला तिसऱ्या फेरीला कळतं. मग मी विनाशिका घेणं थांबवते.” म्हणजे भीती खरी वाटायला हवी असेल तर अधूनमधून एखादं बेट खरोखर घ्यावं लागतं. सॉलोमनपर्यंत एकदा जाऊन येणं मी आता खर्चात धरते.

बेळगावहून : ब्रिटन, ग्लोबल १९४०

दोन आघाड्यांचं ओझं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते ग्लोबलमधल्या ब्रिटनवर, कारण इथे नियमानेच तिजोरीचे दोन भाग केले आहेत. लंडनकडे सुरुवातीला २८ आयपीसी, कलकत्त्याकडे १७. लंडनचा पैसा कलकत्त्यात खर्च करता येत नाही आणि कलकत्त्याचा लंडनमध्ये. सैन्य मात्र कुठेही जाऊ शकतं.

आमच्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे पटापुरता राहत नाही. रेजिमेंटचे यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये इटलीत टायबरच्या खोऱ्यात गाजवलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी. त्याच १९४४ साली भारतीय सैन्य इंफाळ आणि कोहिमाला जपान्यांशी लढत होतं. एकाच सैन्याची माणसं दोन्ही टोकांना होती. पटावर मी कलकत्त्यातलं पायदळ उचलतो तेव्हा ते पश्चिमेला न्यायचं की ब्रह्मदेशाकडे, हे ठरवताना मला याची आठवण राहते, आणि मी घाई करत नाही.

बरेच जण पहिल्याच फेरीला भारताचं सैन्य इजिप्तकडे हलवतात, कारण इटली समोर दिसत असते. मी ते करत नाही. जपानचा डोळा सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि सेलेबिसवर असतो. ही चार बेटं मिळून पंधरा आयपीसीची आहेत, आणि चारही हातात आली की त्याला वर पाच मिळतात. ती त्याच्या ताब्यात गेल्यावर कलकत्त्याची मिळकत इतकी आटते की फेरीला दोन-तीन पायदळंच परवडतात. आधी पाठवून दिलेलं सैन्य परत आणायची सोय तेव्हा राहिलेली नसते. म्हणून भारताचं पायदळ भारतातच. ते हल्ल्यासाठी नाही, जपानला दर फेरीला मोजत बसावं लागेल इतकं जाड असावं यासाठी.

मग इजिप्तचं काय, तर लंडनच्या पैशाने मी पर्शियात कारखाना बांधतो. बारा आयपीसी लागतात, फेरीला तीन सोंगट्या निघतात. तिथे घेतलेलं फायटर पूर्व पर्शिया, पश्चिम भारत करत एका खेळीत कलकत्त्याला पोचतं, आणि इराक, ट्रान्सजॉर्डन करत एका खेळीत इजिप्तलाही. रशिया अडचणीत असेल तर कॉकेशसही जवळच आहे. पैसा लंडनचा, पण फायटर कलकत्त्याच्या बचावात उभं. तिजोरीची भिंत ओलांडायचा एवढा सरळ मार्ग दुसरा मला सापडलेला नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि रशियाने इराण ताब्यात घेतलं तेव्हा आठवी आणि दहावी भारतीय डिव्हिजन त्या मोहिमेत होत्या, पुढे तिथूनच रशियाला रसद गेली. खेळ मांडणाऱ्याने नकाशा नीट वाचला आहे.

कलकत्ता का वाचवायचं, तर पॅसिफिकच्या पटावर आठ विजयनगरं (विजयासाठी मोजली जाणारी शहरं) आहेत आणि जिंकायला जपानला सहा पुरतात. टोकियो आणि शांघाय त्याच्याकडे आहेतच. हाँगकाँग आणि मनिला तो घेतोच. कलकत्ता गेलं की पाच झाली, आणि सहाव्यासाठी सिडनी किंवा होनोलुलू यातलं एक. तेव्हा युरोपात आपण बर्लिनच्या वेशीवर असलो तरी खेळ संपतो.

पणजीहून : जर्मनी, ग्लोबल १९४०

थोडक्यात एकच. ग्लोबलमध्ये इटलीची खेळी जर्मनीच्या पुढच्या खेळीआधी येते, आणि दोघांच्या मधे रशियाची पाळी नसते. रशिया वाटेत एकेक पायदळ सोडून जर्मन रणगाडे अडवतो, तेव्हा इटलीचं थोडं सैन्य पूर्वेला ठेवून ते एक पायदळ तिच्याकडून उडवून घ्यायचं. रस्ता मोकळा होतो आणि जर्मन रणगाडे थेट आत. खेळाडू याला ‘कॅन ओपनर’ म्हणतात. त्यासाठी इटलीने भूमध्य समुद्रातला थोडा हात आखडता घ्यावा लागतो, आणि मला तो सौदा नेहमी फायद्याचा वाटत आला आहे. बेळगावकर, तुमचं इजिप्त त्यामुळे थोडं सुखात राहतं, हेही खरं.

बंगळूरहून : जपान, ग्लोबल १९४०

जपानला दोन कसल्या, चार बाजू. चीन, भारत, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. सैन्य वाटून टाकता येतं, पण मुख्य ताफा एकच असतो. तो कुठे उभा करायचा यावर माझा सगळा खेळ चालतो.

बेटं घेऊन झाली की मी ताफा कॅरोलाइन बेटांवर आणतो. तिथे नाविक तळ आहे, त्यामुळे जहाजं दोनऐवजी तीन घरं जातात. तिथून हवाई, ऑस्ट्रेलियाचा किनारा आणि फिलिपिन्स, तिन्हीकडे डोळा राहतो. खऱ्या युद्धात जपानने ट्रुकला तळ केला तो याच बेटांत. ताफा तिथे असेपर्यंत अमेरिकेला हवाईही सोडता येत नाही आणि सिडनीकडेही मोकळेपणाने जाता येत नाही, आणि तेवढ्या वेळात माझी विमानं आणि पायदळ ब्रह्मदेशातून कलकत्त्याकडे सरकतात. बेळगावकरांच्या पर्शियातल्या फायटरनी हे गणित बिघडतं. फायटर उतरायला लागण्याआधी, साधारण चौथ्या फेरीच्या सुमाराला कलकत्ता घेता आलं नाही, तर मी तो नाद सोडतो. ब्रह्मदेशात फक्त पहाऱ्यापुरतं पायदळ ठेवतो, विमानं उचलून ताफ्याकडे आणतो आणि सहा नगरांचा विचार बाजूला ठेवून अमेरिकेला कॅरोलाइनपलीकडे रोखून धरतो. तोवर बर्लिनवाल्याला मॉस्कोसाठी जितक्या फेऱ्या मिळतील तितक्या मिळवून द्यायच्या.