मदत हवी आहे: सगळ्या मुलाखती आधी, कोडिंग नंतर. याला ग्राउंडेड थिअरी म्हणता येईल का?

नमस्कार. मी ऑडिओलॉजिस्ट असून, श्रवणयंत्र घेऊन काही महिन्यांतच ते वापरणे सोडून देणाऱ्या ज्येष्ठांवर संशोधन करत आहे. कोणाला किती डेसिबलला ऐकू येते हे ऑडिओग्राम सांगतो. यंत्र डबीतच का पडून राहते हे तो सांगत नाही. म्हणून ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ साली मांडलेली ग्राउंडेड थिअरी, म्हणजे मुलाखतींसारख्या माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत, निवडली.

चूक माझीच आहे. सोयीसाठी मी बाराही मुलाखती लागोपाठ उरकल्या आणि कोडिंगला, म्हणजे मुलाखतींतील वाक्यांना त्यांचा अर्थ सांगणारी छोटी नावे (कोड) द्यायला, नंतर बसले. वास्तविक एका मुलाखतीतून जे हाती लागते, त्यावरून पुढे कोणाला भेटायचे आणि काय विचारायचे हे ठरायला हवे होते.

पहिल्या फेरीत मी सात मुलाखतींवर ‘दोषाचा नकार’ (ऐकू कमी येते हे मान्य न करणे) असा कोड टाकला. मग एका आजींचे वाक्य पुन्हा वाचले: “यंत्र लावलं की सून दारातूनच सांगून निघून जाते. नाही लावलं की जवळ येऊन बसते.” यालाही मी नकारच म्हटले होते! तो शब्द आजींचा नव्हता, माझ्या ओपीडीतला होता. आता याच पद्धतीच्या अभ्यासक कॅथी शारमाझ यांच्या सल्ल्याप्रमाणे ओळीओळीने, क्रियावाचक कोड देत (‘जवळ बसवून घेणे’, ‘ऐकल्यासारखे दाखवणे’) पुन्हा सुरुवात केली आहे आणि प्रत्येक नव्या कोडची आधीच्या प्रसंगांशी तुलना करून मेमो, म्हणजे विश्लेषणाची टिपणे, लिहीत आहे.

या कोडमुळे घरच्या माणसांशी आणि यंत्र नियमित वापरणाऱ्यांशीही बोलणे भाग आहे, परंतु नैतिकता समितीची परवानगी फक्त यंत्र सोडलेल्यांपुरती आहे. शिवाय नव्याने आणखी किती जणांना भेटणार तो आकडा आधीच द्या, असा मार्गदर्शकांचा आग्रह आहे. नव्या मुलाखतींतून कोड एकत्र करून बनवलेल्या वर्गांमध्ये काही भर पडेनाशी झाली की थांबायचे, हे त्यांना पटत नाही.

या बारा मुलाखती पहिला टप्पा धरून, इथून पुढे थिऑरेटिकल सॅम्पलिंग (आतापर्यंतच्या विश्लेषणावरून पुढचे सहभागी निवडणे) केले आणि झालेला क्रम प्रबंधात जसाच्या तसा नोंदवला, तर परीक्षक ते मान्य करतात का? की सरळ ‘थीमॅटिक विश्लेषण’ (मुलाखतींतील समान सूत्रे शोधणे) म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरेल? समितीकडे दुरुस्तीचा अर्ज करताना, अजून न ठरलेल्या सहभागींचे वर्णन आपण कसे केलेत? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे. हवे असल्यास ओळख पटणार नाही असे मेमो इथे देते.