मदत हवी आहे: उद्यानाच्या अनुदान अर्जात दान मिळणारी जागा स्वहिस्सा (पालिकेने स्वतः घालायचा वाटा) म्हणून दाखवता येते का?

नगरपालिकेतर्फे सुमारे २ एकर जागेवर सार्वजनिक उद्यानासाठी अनुदानाचा अर्ज तयार करतोय. निम्मा खर्च अनुदानातून, निम्मा स्वहिस्सा. शिवाय पैसे परताव्याने मिळणार, म्हणजे ठेकेदाराची बिलं आधी पालिकेनेच भागवायची.

मोजणी, माती परीक्षण, सभेचा ठराव आणि रहिवाशांच्या बैठकीचं इतिवृत्त तयार आहे. पायवाटांचा उतार १:२० पेक्षा सौम्य ठेवलाय, त्यामुळे व्हीलचेअरसाठी वेगळा रॅम्प लागत नाही. पावसाचं पाणी सखल कोपऱ्यात जिरवणार, खेळणी तिथून लांब. देखभालीची वार्षिक तरतूदही स्वतंत्र दाखवली आहे. ती नसली तर चांगला आराखडाही मागे पडतो.

अडलंय स्वहिश्शापाशी. रोख तरतूद निम्म्या खर्चाला पुरत नाही, यंदाच्या अंदाजपत्रकात वाढ शक्य नाही आणि कर्ज काढायचं नाही. काम टप्प्याटप्प्याने आखून पाहिलं, पण पहिल्या टप्प्यात फक्त कुंपण आणि गटारं बसतात. तेवढ्यावर लोकांना वापरता येईल असं काहीच उभं राहत नाही.

म्हणून जागेची किंमत स्वहिश्शात धरायचा विचार आहे. जागा दान मिळणार आहे, दानपत्राची नोंदणी बाकी आहे. अनुदान मंजुरीपूर्वीचा खर्च सहसा स्वहिश्शात धरत नाहीत, म्हणून नोंदणी मुद्दाम थांबवली आहे. पण मालकी नावावर नसताना अर्ज छाननीतच बाद होण्याची भीती वाटते.

असा अर्ज मंजूर करून घेतलेल्यांनी कृपया सांगावं: दात्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जोडून नोंदणी मंजुरीनंतर केली तर चालते का? आणि जागेचं मूल्यांकन कोणत्या तारखेचं धरतात, अर्जाच्या की हस्तांतराच्या?