लग्नात सिगार: मी नवखा, मोठेबाबा बिडीवाले, एक पट्टीचा ओढणारा. कोणाला काय मागवू?

संत्राबाग_मोर्शी
राजेहो, मदत पाहिजे. मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे, गावातच. दुबईचा मामेभाऊ येतोय आणि ‘सिगार आणतो, कोणती आणू सांग’ म्हणून मागे लागलाय. मला त्यातलं शून्य कळतं. ओढणारे तिघं. मी, वर्षातून चार-दोन सिगारेटी. मोठेबाबा, तीस वर्षांपासून रोज बिडीचं एक बंडल. आणि भावाचा पुण्याचा मित्र, तो महिन्याला दोन-तीन सिगार ओढतो. मोठेबाबांना सगळ्यात कडक आणावी, मला हलकी, असं डोक्यात आहे. जमेल ना?

वऱ्हाडी_धूर
मोठेबाबांचं पार उलटं केलं तुम्ही भाऊ. बिडीवाला छातीभर धूर ओढतो. सिगारचा धूर तोंडात घोळवून सोडून द्यायचा असतो, निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतूनच अंगात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. म्हणजे मोठेबाबांचा तीस वर्षांचा अनुभव इथे उपयोगाचा नाही, उलट आडवा येतो.

माझ्या सासऱ्यांना मी हौसेनं निकाराग्वाची कडक दिली होती. तिसऱ्या झुरक्यालाच कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक. अर्धा तास बाजेवर पडून होते, साखर घातलेलं लिंबूपाणी दोन ग्लास पाजलं तेव्हा उठले. सासूबाई अजून ते काढतात.

दुसरं, बिडी ओढत नाही राहिलं की विझते, म्हणून हाताला घाईची सवय लागते. सिगार मिनिटाला एक झुरका, बस्स. घाई केली की तापते आणि कडू लागते.

तर तुम्हाला आणि मोठेबाबांना एकच: डोमिनिकन, कनेक्टिकट शेडच्या फिकट पानाची. मकानुडो कॅफे नावाची सिगार चालेल. आकार लहान सांगा, पेटिट कोरोना. पुण्याच्या मित्राला क्यूबाची कडक, पार्तागास सेरी डी नंबर ४.

संत्राबाग_मोर्शी
मोठेबाबांना सांगितलं. म्हणाले, “धूर आत घ्यायचा नाई त पेटवाची काऊन?” 😄 बरं, काळी म्हणजे कडक असंच ना?

तेंदूपान_गोंदिया
नाही. सगळे इथेच फसतात. बाहेरचं पान काळं म्हणजे ते जास्त आंबवलेलं, मादुरो म्हणतात त्याला. चवीला बरेचदा गोडसर लागतं. कडकपणा मुख्यतः आतल्या पानांवर असतो. झाडाच्या शेंड्याकडची पानं, ज्यांना जास्त ऊन लागतं, ती लिहेरो. ती जितकी जास्त, तितका दणका. पानपट्टीवर रंग पाहून सिगार घेणं म्हणजे साल पाहून संत्र्याचा गोडवा सांगणं, हे तुमच्या भागात मी काय सांगू.

जाडी आकड्यात लिहितात, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. ५० म्हणजे साधारण २० मिमी. वर सांगितलेली पार्तागास तेवढीच जाड, पाऊण तास ते तासभर चालते. वरातीच्या घाईत नको, जेवणं आटोपल्यावर द्या. मोंतेक्रिस्तो नंबर ४ जाडीला ४२, ती मध्यम कडक; एक-दोन हलक्या पचल्या की मग तुमच्यासाठी.

वऱ्हाडी_धूर
हो, आणि मामेभावाला सांगा, काचेच्या झाकणाची कोहिबाची (क्यूबाचा महागडा ब्रँड) पेटी कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नको, नकलीच असते. विमानातून माणशी २५ सिगार करमुक्त.

पांढरा_कोट
रंगात भंग करते. धूर गिळला नाही म्हणून तोंडाचा कर्करोग टळत नाही. मोठेबाबा खर्रापण खातात का? त्यांच्या तोंडात त्यांचीच तीन बोटं उभी जातात का ते पाहा. जात नसतील तर लग्नाआधी दातांच्या डॉक्टरकडे न्या. आणि जो काहीच ओढत नाही त्याला कौतुकानं हातात देऊ नका.

संत्राबाग_मोर्शी
खातात ताई, रोज एक पुडी. पाहतो आजच.

मामेभाऊ आठ दिवस आधी येतोय. तोवर पेटी कपाटात ठेवली तर?

कूलरग्रस्त_यवतमाळ
मेमध्ये? कपाटात? माझी चूक ऐका. पारा ४५ वर, हवा कोरडी ठाक. तिसऱ्या दिवशी सिगार उचलली तर वरचं पान भाजक्या पापडासारखं कडकड तडकलं. मग अक्कल चालवली, उरलेल्या वाळ्याच्या कूलरसमोर ठेवल्या. आठवड्यात बुरशी. सिगारला ६५ ते ७० टक्के ओलावा लागतो, ना कमी ना जास्त.

आता घट्ट झाकणाचा, वास नसलेला प्लॅस्टिकचा डबा घेतो, आत ६९ टक्क्यांची बोवेडाची पुडी, ती डब्यातला ओलावा तेवढाच राखते. ती दुबईहूनच मागवा. स्टीलचा मसाल्याचा जुना डबा घेऊ नका, सिगार वास धरते. डबा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत. पंचविशीच्या वर उष्णता गेली की तंबाखूत किडा निघू शकतो, टाचणीएवढी भोकं पाडतो. खोली फारच तापत असेल तर बंद डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर दोन-तीन तास उघडायचा नाही.

संत्राबाग_मोर्शी
यादी पाठवली: मकानुडो सहा, मोंतेक्रिस्तो दोन, पार्तागास चार, पुड्या दोन. पेटवायला काडेपेटी चालते ना?

तेंदूपान_गोंदिया
चालते, फक्त काडीचा गुल पूर्ण जळू द्या, मग जवळ न्या. पेट्रोलचा लायटर नको, वास उतरतो. आणि तोंडात धरायचं टोक बंद असतं, ते कापताना नुसती टोपी, म्हणजे टोकावरचा पानाचा तुकडा, दोनेक मिमी. मोठेबाबा दातानं तोडतील, त्यांच्या हातात कापूनच द्या.