डॅनन डिसीज: १४ वर्षांच्या भाच्याला जीन थेरपीच्या चाचणीत घेतील का?

निशिगंध_४२
भाचा १४ वर्षांचा, वजन ४४ किलो. हृदयाच्या भिंती जाड, ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (ठोक्यांना जास्तीची विद्युतवाट), सीपीके (स्नायू झिजल्याची खूण) बाराशेच्या वर. जनुक तपासणीत लॅम्प२ या जनुकात दोष निघाला, डॅनन डिसीज (हृदय आणि स्नायूंचा आनुवंशिक आजार) आहे असं सांगितलं. एसजीपीटी १९० आहे म्हणून लिव्हरच्याही तपासण्या चालू आहेत. अमेरिकेत याच आजारावर जीन थेरपीची चाचणी आहे असं कळलं आणि ताई-दाजी पासपोर्टच्या मागे लागलेत. तिकडच्या हॉस्पिटलला थेट मेल करायचा का? भारतात काही आहे का? इथल्या एका क्लिनिकने स्टेम सेलचा ‘अभ्यास’ आहे, साडेचार लाखांत घेऊ असं कळवलंय.

ईसीजीची_रेघ
पासपोर्ट काढून ठेवा, पण तिकीट काढू नका. त्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात फक्त १२ पुरुष रुग्ण घ्यायचे होते आणि ती यादी भरली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ती थांबवलीही होती. औषध दिल्यावर एका रुग्णाच्या केशवाहिन्यांतून द्रव झिरपू लागला, पुढे जंतुसंसर्ग झाला आणि तो दगावला. ऑगस्टमध्ये डोस कमी करून परवानगी परत मिळाली. मुलाचे आई-वडील सही करतील तेव्हा हे त्यांना आधीच माहीत असायला हवं.

औषध म्हणजे एएव्ही९ नावाच्या निरुपद्रवी विषाणूत भरलेलं लॅम्प२-बी जनुक, शिरेतून एकदाच. पहिल्या टप्प्यातला कमी डोस किलोमागे ६.७ गुणिले दहाचा तेरावा घात इतके विषाणूकण. ४४ किलोला हिशेब करा: तीनावर पंधरा शून्यांच्या आसपास. एवढा मारा झाला की प्रतिकारशक्ती खवळणारच, म्हणून ती दाबायला सोबत स्टेरॉइड, टॅक्रोलिमस किंवा सिरोलिमस आणि रिटुक्सिमॅब. जास्त डोस मिळालेल्या दोघांपैकी एकाच्या किडन्यांवर परिणाम होऊन डायलिसिस लागलं, नंतर तो सावरला. ज्याचं हृदय मुळातच फार कमजोर झालेलं होतं अशा एकाला पाच महिन्यांत प्रत्यारोपण करावं लागलं. उशिरा पोचलेल्याला फायदा कमी, हे त्यातून दिसलं.

तेव्हा आता काम आहे ते फाइल तयार ठेवण्याचं.

जनुक अहवालात ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ लिहिलंय का बघा. ‘व्हीयूएस’ (दोषाचा अर्थ अनिश्चित) असेल तर सहसा दारातूनच परत पाठवतात. लॅबकडून नुसती पीडीएफ घेऊ नका, कच्चा डेटाही मागा, म्हणजे बॅम किंवा फास्टक्यू फाइल. काही लॅब ठरावीक मुदतीनंतर तो पुसून टाकतात. दोष कुठल्या ट्रान्स्क्रिप्टवर (जनुकाच्या कुठल्या प्रतीवर) मोजलाय तेही लिहून घ्या. लॅम्प२ ची ए, बी, सी अशी तीन रूपं नवव्या एक्सॉनपाशी (जनुकाच्या नवव्या तुकड्यापाशी) वेगळी होतात आणि हृदयाला मुख्यतः बी लागतं.

एकोचा कागद पुरत नाही, व्हिडिओ डायकॉम स्वरूपात सीडीवर घ्या. हृदयाचा एमआरआय आयसीडी (ठोके बिघडले तर झटका देणारं यंत्र) बसवण्याआधी उरकून घ्या. नंतर यंत्राच्या सावलीने चित्राचा नेमका डावा भाग खराब होतो आणि पुढे तुलनेला काहीच राहत नाही.

आणि लिव्हरचं. डॅननमध्ये एसजीपीटी-एसजीओटी स्नायूंमधून वाढतात. जीजीटी करून घ्या, ते लिव्हरचं असतं, स्नायूंचं नाही. ते नॉर्मल असेल तर लिव्हर बायोप्सीच्या वाटेला जाण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. जीन थेरपीनंतर लिव्हरवर बारीक नजर ठेवतात, त्यामुळे आत्ताचे आकडे तारखेसह जपलेले हवेत.

निशिगंध_४२
जीजीटी कुणी सांगितलंच नव्हतं. मग आत्ता कुठल्याच अभ्यासात जाता येणार नाही का? आणि अँटिबॉडी तपासतात म्हणे, ती इथे करून ठेवू का?

ईसीजीची_रेघ
अँटिबॉडीची घाई करू नका. एएव्ही९ चा संसर्ग अनेकांना नकळत होऊन गेलेला असतो आणि रक्तात प्रतिपिंडं असली तर औषध पेशींपर्यंत पोचण्याआधीच अडतं. पण प्रत्येक चाचणी स्वतःच्या ठरलेल्या लॅबचाच निकाल धरते. एकदा एएव्ही औषध घेतलं की प्रतिपिंडं इतकी वाढतात की दुसऱ्यांदा ते देता येत नाही. म्हणजे ही संधी एकदाच.

आत्ता घेण्यासारखा अभ्यास म्हणजे ‘नॅचरल हिस्टरी’ किंवा रजिस्ट्री. औषध नाही, फक्त ठरावीक काळाने एको, होल्टर (ईसीजीची सलग नोंद), रक्त आणि प्रश्नावली. लोक याला कमी लेखतात. वर सांगितलेल्या चाचणीत खोटं औषध दिलेला गटच नव्हता, तुलना उपचार न झालेल्या रुग्णांच्या नोंदींशी होते. शिवाय पुढची चाचणी उघडली की संशोधक आधी याच यादीकडे वळतात.

समन्वयक_पुणे
भारतातलं शोधायचं तर सीटीआरआयच्या, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या साइटवर. १५ जून २००९ पासून इथे प्रत्येक औषध चाचणीची नोंद सक्तीची आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते. शोधात आजाराचं नाव टाका, जनुकाचंही टाका. नोंद उघडली की चार रकाने बघा: भारतातली भरतीची स्थिती, केंद्रांची नावं, एथिक्स कमिटीची मंजुरी, डीसीजीआयची (औषध नियंत्रकांची) मंजुरी. शेवटच्या दोनपैकी एकातही मंजुरी दिसत नसेल तर फोन करून विचारा. आणि नोंद आहे म्हणजे सरकारने पाठ थोपटली असं नाही.

ते साडेचार लाखांचं सोडून द्या. चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. स्टेम सेलबाबत आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत, तेही फुकट. त्यांच्याकडे सीटीआरआय नंबर मागा. बहुधा फोन येणं बंद होईल.

केईएम, मुंबई हे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे. तिथे एकदा दाखवून नोंद करा. रक्ताचे नमुने स्वतः कुरिअरने परदेशी पाठवायच्या भानगडीत पडू नका, ते संस्थेमार्फत परवानग्या घेऊनच जातात.

निशिगंध_४२
सही फक्त आई-वडिलांची? आणि काही बिनसलं तर जबाबदारी कुणाची?

समन्वयक_पुणे
संमती आई-वडिलांची, पण १२ ते १८ वयात मुलाचा स्वतंत्र लेखी होकारही लागतो. तो ‘नको’ म्हणाला तर नको. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी न्या, दोन दिवस वाचा. त्याच टेबलावर सही मागणाऱ्याला ‘नंतर येतो’ म्हणायचं. सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे.

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीत गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं. इजा चाचणीमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार मोफत, आणि चाचणीमुळे असेल तर भरपाई. हे भारतातल्या चाचणीला. परदेशात त्या देशाचा कायदा आणि त्या संमतीपत्रातला मजकूर चालतो, म्हणून ‘इजा झाल्यास’ हा परिच्छेद आधी वाचा.

परदेशी मेल करायचा तर मुलाच्या हृदयाच्या डॉक्टरांच्या नावाने, एका पानात: वय, उंची, वजन, दोषाचं नेमकं लिखाण, एनवायएचए वर्ग (दम किती लागतो त्याची पायरी), ईएफ (हृदयाची पंप करण्याची टक्केवारी), भिंतीची जाडी, आयसीडी कधी, औषधं डोससह, क्रिएटिनिन, सीपीके, जीजीटी. आधार कार्ड जोडू नका. लोक जोडतात.

आपल्याकडच्या मुलांत दोन गोष्टींवर अडतं. रिटुक्सिमॅब आणि स्टेरॉइडमुळे दबलेला टीबी किंवा कावीळ ‘बी’ उसळू शकते, तेव्हा टीबीसाठी आयग्रा, काविळीसाठी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या तपासण्या लागणार हे धरून चला. गोवर-कांजिण्यांच्या लसी राहिल्या असतील तर आत्ताच विचारा, प्रतिकारशक्ती दाबल्यावर जिवंत लस देता येत नाही. आणि एएव्ही जीन थेरपीनंतर पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा असतो. पहिले काही महिने केंद्राजवळ राहायचं, म्हणजे एका पालकाची नोकरी गेलीच समजा.

ईसीजीची_रेघ
एक राहिलं. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तुमच्या ताईंचा ईसीजी-एको झालाय का? आणि तुम्ही मामा की मावशी?

निशिगंध_४२
ताईचं काहीच केलेलं नाही, तिला त्रास नाही. मी मावशी.

ईसीजीची_रेघ
ताईंची आधी. मुलात सापडलेला नेमका तोच दोष शोधायला सांगा. एखादा एक्सॉनच गळालेला असेल तर साध्या सँगर तपासणीत बाईमध्ये तो दिसत नाही, दुसरा चांगला एक्स त्याला झाकतो. तिथे एमएलपीए (एक्सॉनच्या प्रती मोजणारी तपासणी) लागते. ताईंमध्ये दोष निघाला तर आजीची आणि तुमचीही तपासणी. ताईंमध्ये नाही निघाला तर तुमची बहुधा लागणार नाही. बायकांमध्ये हा आजार उशिरा दिसतो, पण दिसतो, आणि त्रास नसतानाही होल्टरवर गडबड सापडू शकते. ईसीजी, एको, २४ तासांचा होल्टर. जनुक अहवालाची वाट न बघता ताईंचे हे तीन या आठवड्यात करून घ्या.