बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप तलावाची पातळी रोज पेपरात येते, गाळाचं काय?

शहापूरचा नळ विचारतोय:

मृग लागल्यापासून नळाला लालसर पाणी येतंय. तांब्याची घागर रात्री भरून ठेवली, सकाळी तळाला बोट फिरवलं तर गेरू लागल्यासारखं. आई म्हणाली, "दरवर्षीचंच आहे, तुरटी फिरव." फिरवली. पण डोक्यातनं गेलं नाही, म्हणून रविवारी गाडी काढली आणि हिंडलग्यावरून सरळ राकसकोप गाठलं.

तलाव निम्म्याहून रिकामा. काठाला चिखलाच्या वाळलेल्या खपल्या, त्यात बाटल्या, प्लेटी, कुणाची तरी एक चप्पल. पाण्यात टायरपर्यंत उतरवून एक टेम्पो धुवायचं काम चाललं होतं. पण खरी गंमत वर होती. तुडये गावाच्या अंगाला टेकडीवर रताळ्यासाठी नुकत्या सऱ्या ओढलेल्या, वरून खाली सरळ, डोक्यात कंगवा फिरवल्यासारख्या. तेवढ्यात एक सर आली. दहाच मिनिटांत प्रत्येक सरीतून चहाच्या रंगाचा ओहोळ सुटला. मी रेनकोट घालायचा विसरून बघत उभा. बांधावरच्या मावशींनी विचारलं, "काय बघूलासा?" काय सांगणार!

पेपरात आपण वाचतो : पूर्ण पातळी २४७५ फूट, आज इतके फूट. पण फूट म्हणजे पाण्याचा वरचा काठ. खाली गाळ साचत गेला तर २४७५ तेच राहणार आणि पाणी मात्र दरवर्षी थोडं कमी मावणार, नाही का? आणि तलाव कर्नाटकात, उताराचा बराच भाग चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मग सांगायचं कुणाला? इकडच्या एका कचेरीत फोन केला तर "ते आमच्या हद्दीत येत नाही", तिकडे केला तर "पाणी तुम्ही पिता ना?"

---

टिळकवाडीचा पेन्शनर:

नोकरी मुंबईला झाली, सगळी पाणी शुद्धीकरणात. आधी तुमच्या घागरीबद्दल. तळाचा गेरू तलावातलाच, असं धरून चालू नका. लक्ष्मी टेकडीला पाणी गाळून, क्लोरिन घालून सुटतं. त्यानंतर पाईप कुठे फुटला असेल आणि पाणी एक दिवसाआड येत असेल, तर रिकाम्या पाईपमध्ये शेजारच्या खड्ड्यातली माती, कधी गटारही ओढलं जातं. शेजारच्या दोन गल्ल्यांत पाणी स्वच्छ असेल तर दोष तुमच्या गल्लीतल्या पाईपचा. हे आधी बघा आणि तोवर उकळून प्या. तुरटीने माती बसते, जंतू मरत नाहीत.

गाळाचं मात्र तुम्ही बरोबर पकडलंय. त्यात एक भर घालतो. जाड वाळू नदी जिथे तलावात शिरते तिथेच बसते. बारीक माती दिवसेंदिवस तरंगत राहते. तिच्यासाठी तुरटी जास्त लागते, आणि जंतू त्या कणांच्या आड दडले की क्लोरिन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय मातीबरोबर खत येतं. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की त्या खतावर शेवाळ माजतं. उन्हाळ्यात पाण्याला मातकट वास येतो, तो बऱ्याचदा त्याचा. फिल्टर कितीही चांगला असो, ही उस्तवार तलावाच्या वरच्या अंगालाच करावी लागते.

मुंबईतलंच बघा. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्हींभोवती जंगल राखलं, आजही ते पाणी पिण्याला जातं. पवई त्यांच्या शेजारचाच. तोही पिण्यासाठीच बांधलेला. त्याचं पाणी पिण्याला फार काळ चाललं नाही, पुढे भोवती वस्ती आणि कारखाने झाले, आणि आता तर ते कुणी पीत नाही. पाऊस तिघांवर एकच पडतो हो!

---

तुडयेकडचा:

वाचून थोडा राग आला, म्हणून लिहितोय. तलावात जमिनी आमच्याकडच्या गेल्या. पाणी बेळगावला. आता उरलेल्या तुकड्यावर रताळी लावली तर तीही तुमच्या डोळ्यांत खुपायला लागली?

सरी उभी का ओढतो ते सांगतो. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. आडवी सरी मारली आणि पाणी तुंबलं तर रताळं कुजतं, आणि वरंबा फुटला तर खालची सगळी रांग घेऊन जातो. माती जाते ती आमची जाते. ट्रॉलीनं शेणखत घालून वर्षानुवर्षं कमावलेली.

उपाय नाही असं नाही. आमच्या थोरल्या चुलत्यानं सरी आडवीच, पण एका बाजूला किंचित उतरती ठेवली, आणि जिथे पाणी बाहेर पडतं तिथे दोन हात रुंद गवत राखलं. पाणी जातं, माती गवतात अडते. वर काजू लावलाय. पण त्या गवताच्या पट्टीत वेल लावता येत नाही, तेवढं उत्पन्न बुडतं. ते कोण भरून देणार? नळाच्या बिलात चार पैसे त्यासाठी धरा, मग बोलू.

आणि चिऱ्यासाठी डोंगर कापतात ते तुम्हाला दिसलं नाही का? एका पावसात जेवढी माती तिथून येते, तेवढी माझ्या शेतातून पाच वर्षांत जायची नाही.

---

शहापूरचा नळ:

दादा, चुकलंच. मावशींनी विचारलं तेव्हाच खाली बसून बोलायला हवं होतं. बिलातले चार पैसे मी आनंदाने देईन, पण ते सीमा ओलांडून तुमच्या बांधापर्यंत पोचवणारी खिडकी कुठेच नाही. बेळगावला पाणी देणाऱ्या हिडकल धरणाचंही तसंच : त्याला मिळणाऱ्या घटप्रभा आणि ताम्रपर्णी या नद्या चंदगडकडूनच येतात.

पेन्शनरकाका, विचारलं. मागच्या गल्लीत पाणी स्वच्छ आहे. म्हणजे घागरीचं दुखणं आमच्या पाईपचंच. उद्या लाइनमनला गाठतो.

दादा, तुमच्या चुलत्यांचं ते गवत बघायला येऊ का? येत्या रविवारी?

---

तुडयेकडचा:

या की. पण रविवारी नको, पार्टीवाल्यांच्या गाड्यांनी वाट अडते. बुधवारी या, आणि पाऊस असेल तेव्हाच. कोरड्यात काय दिसणार?